कोल्हापूर रोमचा प्रांत? तात्या, बास करा आता

मंगळवारी दुपारी तालमीतली तीन पोरं प्रेसवर आली. गणपतीच्या देखाव्याचा फ्लेक्स करायचा होता, वीस बाय दहा. मजकूर मोबाईलवर तयार होता: 'रोमन साम्राज्याचा पूर्व प्रांत हिप्पोकुरा, म्हणजेच आपलं कोल्हापूर!' शेजारी लाल तुऱ्याचं शिरस्त्राण घातलेला शिपाई, आणि त्याच्या पायात कापशी चप्पल. मी विचारलं, हे कुठनं आणलंसा? तर म्हणाले, "तुमच्याच तात्यांनी पाठवलंय की."

तात्या म्हणजे माझे चुलते. सकाळी सहाला रंकाळ्याची चक्कर आणि साडेसहापासून फॉरवर्ड. हा मेसेज त्यांनी मला तीनदा पाठवला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता अंगठा दाखवला होता. चूक माझीच. त्या अंगठ्याच्या जोरावर त्यांनी तालमीच्या ग्रुपवर लिहिलं, "प्रेसवाल्या पुतण्यानेही खात्री केली आहे." ती खात्री आता करतोय.

मेसेजचा सारांश असा: टॉलेमीने हिप्पोकुरा म्हणून उल्लेख केलेलं शहर म्हणजे कोल्हापूर, आणि ते रोमन प्रांताची राजधानी होतं. ब्रह्मपुरीवर रोमन गव्हर्नरचा वाडा आणि समुद्रदेवाचं देऊळ होतं. विजयदुर्ग हे बायझंटाईन साम्राज्याचं बंदर, तिथून गगनबावड्यावरून दगडी रोमन रस्ता. हा प्रांत रोमला गूळ आणि मिरी करादाखल पाठवायचा. कोल्हापुरी चप्पल ही रोमन सैनिकांची 'कॅलिगा', त्यावरूनच गावाचं नाव. आणि तांबडा रस्सा, कुस्तीचा आखाडा हेही त्यांचंच देणं. शेवटी अर्थातच, 'हा इतिहास आपल्यापासून लपवला गेला, पुढे पाठवा.'

टॉलेमीपासून सुरू करू. इसवी सन 150 च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून त्याने जगाचा भूगोल लिहिला, त्यात हिप्पोकुरा हे नाव खरोखर आहे. पण तो त्याला प्रांताची राजधानी म्हणत नाही, 'बॅलिओकुरोसचं राजनगर' म्हणतो. त्याच यादीत पैठण हे सिरिपोलेमायोसचं, म्हणजे आपल्या पुळुमावी सातवाहनाचं राजनगर आहे, आणि उज्जैन तियास्तनेसचं, म्हणजे शक राजा चष्टनाचं. टॉलेमीच्या भूगोलात चीनसुद्धा आहे. नाव आलं की प्रांत झाला असं धरलं तर चीनही रोमच्या खिशात. हा बॅलिओकुरोस कोण, त्याची नाणी कोल्हापुरातच सापडली आहेत. शिशाची आणि मिश्रधातूची, एका बाजूला धनुष्यबाण, आणि ब्राह्मी लिपीत, प्राकृतात 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीपुत्र विळिवायकुर राजाचं. म्हणजे आईचं नाव लावणारा इथला राजा, स्वतःच्या नावाने नाणं पाडणारा. यावरूनच काही अभ्यासकांनी हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असं मांडलं, काहींनी ते गाव दुसरीकडे नेलं. कुठेही न्या, गव्हर्नर काही सापडत नाही.

आणि रोमचं लष्कर पूर्वेला किती आलं? ट्रेजन हा सम्राट इसवी सन 116 मध्ये इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथे भारताकडे निघालेलं जहाज बघून तो म्हणाला, मी तरुण असतो तर गेलो असतो. दुसऱ्या वर्षी तो वारला, आणि त्याच्या मागून आलेल्या हेड्रियनने तिकडचे नवे प्रांतही सोडून दिले. कोल्हापूर आधीच खिशात असतं तर म्हातारा हळहळला कशाला असता?

ब्रह्मपुरीबद्दल मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या, हे शंभर टक्के खरं आहे. समुद्रदेव पोसायडनची मूर्ती त्यातलीच. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं, त्याचा अहवाल छापलेला आहे. सातवाहन काळातलं नांदतं गाव निघालं: विटांची घरं, मणी, बांगड्या, विळिवायकुरासारख्या 'कुर' राजांची नाणी. लॅटिन शिलालेख नाही, रोमन स्नानगृह नाही, छावणी नाही. रोमचे प्रांत असे लपत नसतात. ब्रिटनमध्ये चारशे वर्षंही न राहिलेले रोमन समुद्रापासून समुद्रापर्यंत भिंत ठेवून गेले.

तात्या, तुम्ही त्या मूर्तीला 'देवळातली मुख्य मूर्ती' म्हणता. मी तुम्हाला रविवारी टाऊन हॉल म्युझियमला नेलं, आठवतंय ना? तुम्ही काचेला नाक लावून म्हणालात, "एवढासा व्हय?" मुठीत धरता येईल एवढा देव. गव्हर्नरच्या वाड्यातला नव्हे, व्यापाऱ्याच्या बोचक्यातून आलेला. आणि या न्यायाने उलटंही बोला की. इटलीत पॉम्पेईच्या ढिगाऱ्यात 1938 साली एक हस्तिदंती बाई सापडली, पायात कडी, गळ्यात माळा, पक्की भारतीय घडण. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती बाहुली आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या म्युझियममध्ये आहे. मग पॉम्पेई हा तेर तालुक्याचा भाग होता, असा फ्लेक्स लावायचा का?

बंदराचं आणि रस्त्याचं पटकन उरकतो. कोकण किनाऱ्यावर 'बायझँटिऑन' नावाचं बंदर एका जुन्या ग्रीक पुस्तकात आहे, आणि काहींनी ते विजयदुर्ग मानलंय. हेही खरं, घ्या. पण ते पुस्तक पहिल्या शतकातलं. तेव्हा बॉस्फरसवरचं बायझँटिऑन, म्हणजे आजचं इस्तंबूल, हे एक ग्रीक गाव होतं. कॉन्स्टंटाईनने तिथे राजधानी मांडली ती 330 साली, आणि 'बायझंटाईन साम्राज्य' हे नाव तर त्याच्याही कितीतरी नंतरच्या इतिहासकारांनी ठेवलेलं. ग्रीक खलाशांना आपली गावांची नावं नीट उच्चारता येत नव्हती, कानाला ओळखीचं वाटलं ते लिहिलं. रस्त्याचा फोटो तर बघवत नाही. दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पाईन. तो रोमजवळचा ॲपियन रस्ता आहे. गगनबावड्याला असली झाडं कुणी बघितली असतील तर मला दाखवा.

आता करांचा मुद्दा. टोल भरणार नाही म्हणून रस्त्यावर उतरलेलं हे गाव. ते म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी रोमला मुकाट गूळ पाठवत होतं.

वर म्हटलेलं ते ग्रीक पुस्तक म्हणजे 'पेरिप्लस'. इजिप्तहून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी त्यांच्यातल्याच कुणीतरी लिहिलेली माहितीवही: कुठल्या बंदरात काय विकतं, कुठे खडक आहेत, कुठे कुणाला काय द्यावं लागतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बंदराचं नाव त्यातून उचललं, पण त्याच्या आधीचं वाक्य गिळलं. त्यात कल्याणबद्दल लिहिलंय की पूर्वी ते रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता तिथे अडथळे फार आहेत, आणि ग्रीक जहाज चुकून तिथे लागलं तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची शक्यता आहे. पहाऱ्यात! आपल्याच प्रांतात आपल्याच जहाजाला शिपाई धरून नेतात का? पुढे ऐका. भडोचला काय न्यावं याची यादी आहे: इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं, सोन्याचांदीची नाणी, आणि राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी मुलं, देखण्या मुली. मुलाबाळांसकट माणसं नजराण्यात, वाचून अंगावर काटा येतो. पण नजराणा कोण कुणाला देतो? ज्याला धंद्याची परवानगी हवी, तो.

पैसा कुणीकडून कुणीकडे वाहत होता हे प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. तो 79 साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याची तक्रार अशी की भारत दरवर्षी आमची निदान 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शोषून घेतो. प्रांत मध्यवर्ती सरकारला पैसे देतो. हा कसला प्रांत, जो सरकारकडूनच घेतोय? भारतातून आलेल्या मालावर रोमन अधिकारी इजिप्तमध्ये 25 टक्के जकात बसवायचे, म्हणजे माल परक्या मुलखातला धरला जायचा.

गुळाबद्दल तर हसावं की रडावं. साखर प्लिनीला माहीत होती, वेळूतून निघणारा मध म्हणून, हेझलनटएवढे खडे, आणि तीही फक्त औषधाला. गुळाच्या ढेपा बोटीत भरून रोमला चालल्यात हे चित्र त्याने बघितलं असतं तर त्याची तक्रार पाच कोटींवर थांबली नसती. आपला ऊस पंचगंगेच्या खोऱ्यात असा पसरला तो बंधारे आणि धरणं झाल्यावर. मिरी होती, पण तिचा मोठा व्यापार केरळात, मुझिरिस बंदरात.

इथवर मी हसत होतो. चप्पलच्या मुद्द्यावर मात्र हसू आलं नाही.

'कॅलिगा-पुरी'वरून कोल्हापूर. त्यावर कडी म्हणजे कॅलिगुला हा सम्राट मूळचा इकडचा. कॅलिगुला 12 साली इटलीतल्या अँटियममध्ये जन्मला. बापाच्या छावणीत शिपायांसारखे बारके बूट घालून फिरायचा म्हणून शिपायांनी ठेवलेलं ते टोपणनाव. आणि गावाचं नाव शिलाहारांच्या लेखांत 'कोल्लापुर' असं येतं, त्यात बूट कुठे बसतो? ती कॅलिगा दिसते कशी तेही बघा. घोट्याच्या वरपर्यंत आवळलेल्या वाद्या, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले, चालताना फरशीवर खणखणणारे.

आमच्या प्रेसच्या मागच्या गल्लीत एक कारागीर बसतात. बाभळीची साल आणि हिरड्यात पिकवलेलं कातडं पाण्यात भिजवायचं, रापीने तळ कापायचा, टाचेचे थर चढवायचे, आरीने भोकं पाडून कातड्याच्याच वादीने शिवायचं. खिळा एक नाही. वर कान, पट्टा, अंगठा. वेणी घरातल्या बायका घालतात, इतकी बारीक की दोऱ्याची वाटावी. मी त्यांना मेसेज वाचून दाखवला. ते हातातलं न थांबवता म्हणाले, "माझा आज्जा मिरजंच्या पुढं गेला न्हाई. रोमला शिकाय कवा गेला म्हनं?"

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका बड्या फॅशन कंपनीने हीच घडण रॅम्पवर आणली, कोल्हापूरचं नाव न घेता. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो, तात्या, तुम्ही तर दिवसाला चार फॉरवर्ड. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ते कारागिरांच्या पिढ्यानपिढ्यांच्या हातावर मिळालं. आता आपणच वीस बाय दहाचा फ्लेक्स लावून सांगणार की ही मुळात इटलीचीच होती? मग त्या कंपनीने चोरलं काय, आपलंच परत नेलं म्हणेल. ज्यांच्या हातची ही चप्पल, त्यांना आधी गावाने कडेला बसवलं, आता त्यांच्या कलेवर रोमचा शिक्का. असल्या मजकुराला 'अभिमानाने शेअर करा' म्हणायचं?

तांबड्या रश्श्याला एकच वाक्य: मिरची अमेरिकेतली, ती पोर्तुगिजांनी आणली, तोवर पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य बुडून हजार वर्षं झाली होती. कुस्तीचं अर्धं खरं आहे, पण काळ उलटा. शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला युरोपात गेले होते, तिथे रोमचं जुनं रंगमैदान बघून त्यांना खासबागेची कल्पना सुचली असं सांगतात. मैदान 1912 मध्ये खुलं झालं. रोम बघून आमच्या राजाने बांधलं, रोमने नव्हे.

हे सगळं तालमीत जाऊन सांगितलं. पोरं गप्प. एक म्हणाला, "दादा, पण थर्माकोलचे सहा खांब कापून झाल्यात, पेंटरनं ॲडव्हान्स घेतलाय." तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, एवढा वेळ मोबाईलवरून मान वर केली नव्हती. आता केली. म्हणाले, "त्ये जहाजवाल्यास्नी धरून नेत्यात, त्ये दाखवा की. खांब बंदराला लावा."

कल्पना चांगली होती. मी फ्लेक्सचा मजकूर बदलायला घेतला. तेवढ्यात दुसरा म्हणाला, कल्याण नको, लांब पडतंय, आपण विजयदुर्ग दाखवू.