‘दोन सिस्टिम टाकल्या की लॅपटॉप गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या पेडण्याच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. मला तो एकट्याला पाच जणांनी पाठवला, म्हणून सविस्तर लिहितो. मेसेज थोडक्यात असा: ‘विंडोज १० चा सपोर्ट संपला. कुणाच्या नादाला लागून शेजारी लिनक्स टाकू नका. विंडोज पुसलं जातं, लॅपटॉप स्लो होतो, पुढच्या अपडेटला दोन्ही बंद पडतात, वॉरंटी जाते. जुना लॅपटॉप भंगारात द्या, नवा घ्या.’

(लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम; उबुंटू आणि मिंट हे तिचेच प्रकार.) पहिलं वाक्य खरं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणून चांगले चालणारे अनेक लॅपटॉप बाहेर राहिले. पुढची वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत.

‘विंडोज पुसलं जातं.’ ही भीती जुन्या काळातून आली आहे. पूर्वीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) सिस्टिम सुरू करणाऱ्या कोडसाठी डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटची एकच जागा असायची आणि शेवटी येणारी सिस्टिम तिथे स्वतःचा कोड लिहून मोकळी व्हायची. लिनक्सनंतर विंडोज टाकलं की लिनक्स दिसेनासं व्हायचं. आताच्या यूईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीनवर त्यासाठी एक छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, असतो. त्यात मायक्रोसॉफ्टचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा, आणि कोण कुठे आहे याची यादी मशीन स्वतः ठेवतं. दोघं एकाच घरात राहतात, पण चुली वेगळ्या.

मग डेटा जातो कसा? माझ्या मावशीचा गेला. म्हापशाच्या एका दुकानात तिने लॅपटॉप ‘दोन्ही टाकून द्या’ म्हणून दिला आणि परत आला तेव्हा मुलीच्या बारशापासूनचे सगळे फोटो नाहीसे झालेले. इन्स्टॉल करताना एका पानावर दोन पर्याय येतात, ‘विंडोजच्या शेजारी टाका’ आणि ‘डिस्क पुसून टाका’. तिथे दुसऱ्यावर टिचकी पडली होती. मावशी आजही त्या लॅपटॉपकडे बघत नाही. त्या एका पानावर घाई करू नका आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, हे मी हात जोडून सांगतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. लिनक्सला जागा करायला विंडोजचं पार्टिशन लहान करताना मध्येच वीज गेली तर खरोखर नुकसान होऊ शकतं. जून-जुलैत वाळपई, सत्तरीकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून बसा. बॅटरी मेलेला लॅपटॉप किंवा यूपीएस नसलेला डेस्कटॉप असेल तर पावसाळा संपू द्या.

‘लॅपटॉप स्लो होतो.’ एका वेळी एकच सिस्टिम चालू असते. दुसरी डिस्कवर नुसती पडून असते, तिला ना रॅम लागते ना प्रोसेसर. जाते ती जागा. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागते, १०० असेल तर ऐसपैस. डिस्क आधीच काठोकाठ भरलेली असेल तर मात्र आधी ती रिकामी करा.

‘अपडेटला दोन्ही बंद पडतात.’ या मुद्द्यात तथ्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) चालू असलेल्या काही मशीनवर लिनक्स सुरूच होईना. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना हे लागणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी लागलं. पण त्यातही विंडोज चालू राहिलं आणि कुणाच्या फाइल्स पुसल्या गेल्या नाहीत.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही, तो धोका बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, मांडणीत बदल झाला, सिक्युअर बूट बंद केलं, की विंडोज निळा पडदा दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. माझ्या भाच्याने मला रात्री अकराला फोन केला होता, पुढ्यात तोच पडदा. ‘मामा, मी हे कधी चालूच केलं नाही!’ खरं होतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की कित्येक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्याच खात्यात सापडली, पोराचा जीव भांड्यात पडला. तुम्ही ती आधीच कागदावर लिहून ठेवा.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ म्हणजे अर्धी झोपच असते, ड्राइव्ह विंडोजच्याच ताब्यात राहतो आणि लिनक्सला त्यात लिहिता येत नाही. आणि सकाळी दहाला विंडोजचं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवू लागलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. लिनक्समध्ये एका आज्ञेने तो मिटतो.

वॉरंटीचं म्हणाल तर ज्या लॅपटॉपना विंडोज ११ चालत नाही, त्यांतल्या बहुतेकांची वॉरंटी केव्हाच संपली आहे.

राहिला भंगाराचा सल्ला. ग्रुपवर कुणी लॅपटॉप द्यायला काढला असेल तर येत्या रविवारपर्यंत थांबा. मी फोंड्याला घरीच आहे. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क आणि ती ४८ अंकी की घेऊन या. पेन ड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालवून बघू. डिस्कला हातही न लावता वायफाय, आवाज, मराठी टायपिंग सगळं तपासता येतं. पटलं तरच पुढे जाऊ.