‘जोडीला शंखपुष्पी’: फिट्सवाल्या फॉरवर्डला उत्तर

पुतण्याला फिट्स येतात, त्या रोखणारी फेनिटॉइनची गोळी चालू आहे. परवा वहिनींकडून फॉरवर्ड आला: "शंखपुष्पी फिट्सवर रामबाण! मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सिद्ध. ४० दिवस सिरप घ्या, गोळ्या कायमच्या सुटतील. साइड इफेक्ट शून्य. फिट आली तर चप्पल हुंगवा." खाली त्यांचा प्रश्न: "भावजी, गोळी बंद नाही करत, पण जोडीला सिरप दिलं तर काय बिघडतं?"

बिघडतं, वहिनी. आणि ते मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच सापडलंय. केईएममध्ये फेनिटॉइनवर असलेल्या काही रुग्णांच्या आटोक्यातल्या फिट्स पुन्हा उसळल्या. ते शंखपुष्पीचं सिरपही घेत होते. मग डॉक्टरांनी उंदरांवर तपासलं. दोन्ही औषधं एकदाच दिली, तेव्हा रक्तातलं फेनिटॉइन तेवढंच राहिलं, पण त्याचा असर घटला. रोज देत राहिल्यावर रक्तातली पातळीही खाली आली. म्हणजे गोळी वेळेवर पोटात जातेय आणि उपयोग मात्र निम्मा-शिम्मा! दांडेकर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर १९९२ साली ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त आलाय. दोन्ही एकत्र देऊ नका, असंच त्यात म्हटलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो वाचला असेल, ही आशा नाही.

त्याच अभ्यासात नुसत्या सिरपनेही उंदरांमध्ये फिट रोखण्याचा थोडा गुण दाखवला, हे नाइलाजाने मान्य. पण अशा चाचण्यांत धडधाकट उंदराला क्षणभर विजेचा झटका देतात आणि मागचे पाय ताठ होतात का ते बघतात. वर्षानुवर्षं फिट्स येणाऱ्या पोराबद्दल त्यातून फक्त एवढंच कळतं, की पुढे शोधायला जागा आहे.

गोळ्या सुटतात, तेही खरं. दोनेक वर्षं फिट आली नाही, तर डॉक्टर हळूहळू कमी करून बघतात. मनानेच तोडल्या तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं. साइड इफेक्टचं म्हणाल, तर फेनिटॉइनने हिरड्या सुजू शकतात, मान्य. मग डॉक्टरांना गोळी बदलता येईल का विचारा.

राहिली चप्पल. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला जातं. तेवढ्या वेळात पोराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर १०८ला फोन. आणि सिरप आधीच सुरू केलं असेल, तर आज डॉक्टरांना सांगा. रक्तातली फेनिटॉइनची पातळी तपासता येते.