‘सोळा बिटचा एडीसी लावा’ : अर्धवट सल्ल्याची उलटतपासणी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या पोरांपासून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: “आर्डुइनोचं रीडिंग चुकतंय? चीप डुप्लिकेट आहे. सोळा बिटचा एडीएस१११५ लावा. तरी आकडा नाचला तर शंभर रीडिंगची सरासरी घ्या. उरलेला फरक कोडमध्ये वजा करा.” आर्डुइनो म्हणजे सेन्सर जोडायचा छोटा बोर्ड, एडीसी म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग. आर्डुइनोच्या चीपमध्ये तो दहा बिटचा, म्हणजे ० ते १०२३ आकडे देणारा असतोच, एडीएस१११५ ही सोळा बिटची वेगळी एडीसी चीप. बिट जास्त तितकी मोजण्याची पायरी बारीक. मेसेज वाचायला झकास. बागेत हा सल्ला पाळला तर पैसे जातात आणि बिघाड तिथेच राहतो.

चीप डुप्लिकेट? असू शकते, तसला माल बाजारात आहेच. पण आळ घेण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. इनपुटची पिन सेन्सरपासून सोडवून थेट ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टला) लावा, ० यायला हवा. मग बोर्डाच्या ५ व्होल्टला लावा, १०२३ यायला हवेत. मग पेन्सिल सेल लावून मल्टिमीटरशी ताडून बघा. तिन्ही जुळलं की बिघाड चीपच्या बाहेर शोधायचा. डिप्लोमाच्या लॅबमध्ये एडीसी०८०४ या आठ बिटच्या चीपवर हाच घोळ होतो. खोलीत ३० अंश असताना डिस्प्लेवर १५ दिसतात आणि पोरं नवी चीप आणायला पळतात. मोजण्याची पट्टी ठरवणाऱ्या ९ नंबरच्या पिनवर १.२८ व्होल्ट दिले तर एक पायरी १० मिलीव्होल्टची पडते. पिन मोकळी सोडली तर तीच पायरी साडेएकोणीसची, म्हणून आकडा निम्मा येतो. चीप ठणठणीत असते, पिन ९ ला कुणी विचारलेलं नसतं.

आता सोळा बिट. एडीसी व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजत नाही, रेफरन्सच्या, म्हणजे मोजपट्टी म्हणून धरलेल्या व्होल्टेजच्या, तुलनेत सांगतो. आर्डुइनो उनो या बोर्डावर हा रेफरन्स, काही बदललं नसेल तर, बोर्डाचा ५ व्होल्टचा पुरवठाच असतो. कोडमध्ये आपण डोळे झाकून ५.० लिहितो. स्वस्त चार्जर आणि लांब यूएसबी केबल असली की प्रत्यक्षात ४.६ भरतात. एलएम३५ सेन्सर अंशाला १० मिलीव्होल्ट देतो, म्हणजे ३० अंशांना ३००. पाच व्होल्टवर एडीसीने त्याचा ६१ हा आकडा द्यायला हवा, ४.६ वर ६६ येतो आणि स्क्रीनवर ३२.२ अंश उमटतात. सेन्सर बरोबर, चीप बरोबर, उत्तर चूक.

एडीएस१११५ लावल्यावर ही चूक जाते, हे मान्य. पण ती जाते त्याच्या पोटातल्या स्वतःच्या रेफरन्समुळे, सोळा बिटांमुळे नव्हे. मेसेज खरा वाटतो तो इथेच. हेच काम उनोवर फुकटात होतं: कोडमध्ये आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स निवडा. तो चीपगणिक १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असतो, म्हणून एआरईएफ या रेफरन्सच्या पिनवर एकदा मल्टिमीटरने मोजा आणि तोच आकडा कोडमध्ये घाला. एक पायरी अंशाच्या दहाव्या भागाइतकी बारीक होते, वर ११० अंशांपर्यंत जागा उरते. बागेत एवढं तापमान झालं तर एडीसीची काळजी कोण करतंय!

ग्राउंडचा बिघाड मात्र कितीही बिटांनी सुटत नाही. ड्रिपचा १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह आणि सेन्सर यांची परतीची (ग्राउंडची) वायर एकच ठेवायची सवय सर्रास दिसते, वायर वाचते म्हणून. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १० मीटर असेल तर तिचा रोध साधारण ०.१७ ओहम. त्यातून व्हॉल्व्हचा अर्धा अँपिअर गेला की ८५-९० मिलीव्होल्ट पडतात. तेवढंच सेन्सरचं ग्राउंड वर उचललं जातं आणि व्हॉल्व्ह उघडताच तापमान ९ अंशांनी उडी मारतं. एडीएस१११५ हीच खोटी उडी आणखी बारकाईने मोजून देईल. सेन्सरला स्वतंत्र परतीची वायर टाका. एडीएस१११५ घेतलाच असेल तर ती वायर त्याच्या दुसऱ्या इनपुटला नेऊन दोन्हींतला फरक मोजा. त्या चीपचा खरा उपयोग हा आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

सरासरीचं म्हणाल तर काटाच मारलेला असेल तर लासलगावात कांदा शंभरदा तोलूनही वजन खरं येणार नाही. वरची रेफरन्सची चूक सरासरीने तसूभरही हलत नाही. नाचणारा आकडा शांत होतो, पण त्यातही मेख आहे. उनोचं एक रीडिंग साधारण ११२ मायक्रोसेकंदांचं, म्हणजे सलग शंभर रीडिंगं ११ मिलिसेकंदांत उरकतात. मोटारीच्या वायरीतून शिरणारी ५० हर्ट्झची गुणगुण मात्र २० मिलिसेकंदांची असते. अर्ध्या लाटेची सरासरी काढून हाती काय लागणार? घ्यायचीच तर पूर्ण २० मिलिसेकंदांची घ्या, सुमारे १८० रीडिंगं.

शिवाय आकडा नाचण्याचं कारण बऱ्याचदा भलतंच असतं. बॅटरीचं व्होल्टेज बघायला १०० आणि ४७ किलोओहमच्या रेझिस्टरांची जोडी लावतात, तिचा रोध एडीसीला ३२ किलोओहम दिसतो. उनोच्या चीपला १० किंवा त्याहून कमी हवा असतो. पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, काम झालं.

राहिलं वजा करणं. दुपारी २.२ अंश जास्त दिसतात म्हणून कोडमध्ये २.२ वजा केले. निफाडच्या थंडीत पहाटे ८ अंश असताना त्याच ४.६ व्होल्टवर स्क्रीन ८.३ दाखवते, कारण ही चूक ठरावीक नसते, टक्क्यात वाढते-घटते. वजाबाकीनंतर उरतात ६.१. ज्या आकड्याकडे बघून माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला उठतात, तोच आकडा दोन अंशांनी खोटा. कोडमध्ये दुरुस्ती करायचीच असेल तर आधी रेफरन्स आणि ग्राउंड नीट करा, मग दोन ठिकाणी ताडा: सेन्सर पिशवीत घट्ट बांधून एकदा माठातल्या गार पाण्यात, एकदा कोमट पाण्यात, शेजारी थर्मामीटर ठेवून. बर्फाचं पाणी मात्र नको, साध्या जोडणीत एलएम३५ २ अंशांखाली मोजत नाही.