‘रमोनाच्या घरात दुर्दैव कुठे आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तर दोन दिवस थांबून लिहितेय. अमेरिकन बाललेखिका बेव्हर्ली क्लिअरींच्या ‘रमोना अँड हर फादर’ या पुस्तकावरचा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. घर आहे, गाडी आहे, कोणी उपाशी झोपत नाही, मग हे कुटुंब दुर्दैवी कसलं? आणि असलं गुळमट पुस्तक आठ वर्षांच्या मुलीला का द्यायचं? असे तुमचे दोन सवाल.

पहिल्यात तुमचं बरोबर आहे. मी सरळ ‘गरीब कुटुंब’ असं लिहून टाकलं होतं, ती माझी चूक. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे क्विम्बी, म्हणजे रमोनाच्या घरचे, पगारावर चालणारे लोक. वडिलांची नोकरी जाते आणि घराचा सूरच बिघडतो. क्लिअरी त्याच गावात वाढल्या, मंदीत त्यांच्याही वडिलांची नोकरी गेली होती. माझ्या बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी तिसरीत होते. उपाशी आम्हीही झोपलो नाही. पण मी स्वयंपाकघरात शिरले की आईबाबांचं बोलणं थांबायचं, ते अजून कानात आहे. १९७७ सालच्या या पुस्तकात मला तेच ऐकू आलं.

गुळमट मात्र नाही हो! भोपळ्याचा प्रसंग आठवा. हॅलोवीनसाठी सगळ्यांनी मिळून भोपळा कोरलाय, बऱ्याच दिवसांनी घर हसलंय. रात्री कसलासा आवाज येतो. बघतात तर मांजर तो भोपळा कुरतडून खातंय! पैसे वाचवायला आणलेलं स्वस्तातलं खाणं ते तोंडात घेत नाही, भुकेलंय बिचारं. रमोनाची थोरली बहीण बीझस वडिलांवर भडकते: सिगारेटला पैसे आहेत, मांजराला नाहीत! नोकरी गेलेल्या बापाला पोटच्या पोरीनं असं सुनवावं, यात गूळ कुठे आहे? दुसरीतली रमोना मग सिगारेट सोडवायच्या मागे लागते, घरभर पाट्या लावते, वडील वैतागतात.

आणि ते बोंडांचं प्रकरण! जाहिरातीतल्या पोरासारखे लाखो मिळवायचे म्हणून रमोनाबाई काटेरी बोंडांचा मुकुट करून डोक्यावर चढवतात. तो केसांत असा गुंततो की वडिलांना कात्रीनं एकेक बोंड कापून काढावं लागतं. बेकार माणूस, वेळच वेळ. नोकरीत असता तर त्यानं हे इतक्या सावकाश केलं असतं का, कोण जाणे.

शेवट गोड आहे, मान्य. वडिलांना दुकानात गल्ल्यावर काम मिळतं. पण ते त्यांना मानवत नाही. १९८१च्या ‘रमोना क्विम्बी, एज एट’मध्ये ते शिक्षक व्हायचं म्हणून कॉलेजात जातायत आणि उरलेल्या वेळात शीतगोदामात राबतायत.

मुलीला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त तो भोपळ्याचा प्रसंग आधी एकदा स्वतः वाचा, ती झोपल्यावर.