निवडुंगाची रोपे दमट डब्यात का ठेवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया कठोर असली तरी ती अनुभवातून आलेली आहे, त्यामुळे तिला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. निवडुंगाच्या बिया झाकणबंद डब्यात, ओलसर मातीवर रुजवाव्यात, असे मी लिहिले होते. आपण तसे केले, बिया रुजल्याही, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळी रोपे बुडाशी काळी पडून आडवी झाली. वाळवंटातल्या झाडाला दमट हवेत कोंडणे हीच मूळ चूक आहे, असा निष्कर्ष आपण काढला आहे. तो मला पटत नाही.

मोठा निवडुंग कोरडेपणा सोसतो, कारण त्याच्या जाड खोडात पाण्याचा साठा असतो आणि तो आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतो. दोन-तीन मिलिमीटरच्या रोपापाशी असा साठा नसतो. मातीचा वरचा थर एका दुपारी सुकला तरी त्याचा कारभार आटोपतो. वाळवंटातही त्याला आडोसा लागतोच. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातील सग्वारो या उंच, खांबासारख्या निवडुंगाच्या बिया उन्हाळी पावसानंतर रुजतात, आणि त्यांतली जी रोपे तगतात ती बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडाच्या सावलीतली असतात. एवढे करूनही पहिल्या 8 वर्षांत त्यांची उंची जेमतेम अडीच ते चार सेंटीमीटर होते. बंद डबा हा त्या झाडाखालच्या ओलाव्याचा घरगुती पर्याय आहे.

आपली रोपे ज्याने गेली तो मर रोग बुरशीचा आहे. ओलाव्यात बुरशी फोफावते हे खरे, पण ती डब्यात शिरते मातीतून, जुन्या कुंडीतून किंवा बीला चिकटून वाळलेल्या गरातून. आपण बागेतली माती नुसती चाळून वापरल्याचे लिहिले आहे, आणि याचा दोष मी स्वतःकडे घेतो, कारण "माती निर्जंतुक करावी" एवढ्या एका वाक्यात मी हा सर्वांत महत्त्वाचा भाग उरकला होता. ओलसर मिश्रण आतपर्यंत 80 अंश सेल्सिअसच्या वर तापून अर्धा तास तसेच राहिले पाहिजे. ते झाकूनच थंड करावे. मिश्रणात निम्म्याहून अधिक जाड वाळू किंवा पर्लाइट (ज्वालामुखी खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे) असावे, बिया चोळून, धुऊन, सुकवून घ्याव्यात आणि त्या पुरू नयेत, कारण बहुतेक जातींना रुजताना उजेड लागतो.

डबा खिडकीत थेट उन्हात होता, हेही खटकले. बंद पारदर्शक डबा उन्हात भट्टीसारखा तापतो. रुजवणीला 20 ते 30 अंश तापमान आणि गाळीव उजेड पुरतो. रोप लालसर झाले तर उजेड जास्त, फिकट होऊन लांबले तर कमी, असे समजावे. काटे स्पष्ट दिसू लागल्यावर झाकण रोज थोडे थोडे सरकवावे. एकदम काढल्याने मीही एक अख्खा ट्रे गमावला आहे.

फांदी लावणे सोपे आहे, हा आपला मुद्दा निर्विवाद आहे. मात्र अनेक गोल निवडुंगांना फांद्या फुटतच नाहीत, आणि फांदीपासून मूळ झाडाची नक्कलच मिळते.

पुन्हा पेरणार असाल तर निम्म्या बिया राखून ठेवा आणि सुरुवात ॲस्ट्रोफायटम या गोल, ताऱ्याच्या आकाराच्या निवडुंगापासून करा. त्याची बी मोठी असते, ताजी असल्यास काही दिवसांतच रुजते, आणि मिश्रणात बुरशी राहिली आहे की नाही हे लवकर कळते. फड्या निवडुंगाचे बी मात्र पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका. त्याचे कवच इतके कठीण असते की महिनोन्महिने वाट पाहावी लागते.