देवाच्या धाकानंच माणूस नीट वागतो, हे मला पटत नाही

"देवाचं भ्या राहिलं नाही, म्हणून माणूस असा वागायला लागला." सप्ताहात, पारावर, मयतीला, लग्नाच्या मांडवात हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्याच्या मागोमाग दुसरं येतंच: कलियुग आहे, चालायचंच. ऐकणारे माना डोलावतात आणि विषय तिथंच संपतो. परवा आमच्याकडच्या कीर्तनात महाराजांनी तासभर हेच सांगितलं. माणूस मुळातच पापी, स्वार्थी, जनावराहून हीन, वरच्याचा धाक आहे म्हणून कसाबसा आवरलेला. महाराज अभ्यासू आहेत, गळा गोड आहे, मी त्यांच्या पाया पडतो. पण हे म्हणणं मला मान्य नाही, आणि मी माळकरी आहे म्हणूनच मान्य नाही.

माझं बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. या धंद्यात उधारीशिवाय दुकान चालत नाही. मृग लागला की शेतकरी येतो, सोयाबीनच्या बॅगा, कपाशीची पाकिटं, डीएपी खत घेऊन जातो आणि माल मोंढ्यावर गेल्यावर पैसे देतो. मधल्या चार-पाच महिन्यांत माझ्याजवळ काय असतं? एक वही, आणि त्यात त्याच्या नावापुढं मी माझ्याच हातानं लिहिलेला आकडा. बहुतेकांची सहीसुद्धा नसते. उद्या तो "मी नेलंच नाही" म्हणाला तर माझ्याकडं दाखवायला काही नाही. तरीही लोक देतात. उशिरा देतात, तुकड्या-तुकड्यानं देतात, एखादा दोन-दोन वर्षं तोंड चुकवतो आणि मग तूर विकून देतो. बुडवणारेही आहेत. त्यांच्यापायी मी रात्र-रात्र जागलोय, तेव्हा माणूस म्हणजे देवमाणूस असलं काही मी सांगणार नाही. मात्र देणारा कोण आणि बुडवणारा कोण, हे मला गळ्यातल्या माळेवरून कधीच ओळखता आलेलं नाही. एकादशी न चुकवणारे दोन्हीकडं आहेत. मारुतीच्या पारावर कधी न टेकलेलेही दोन्हीकडं आहेत.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. सिंदफणेकाठच्या एका अण्णांचं उभं सोयाबीन तर गेलंच, वरची मातीही खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. दिवाळी झाल्यावर ते दुकानात आले. खताच्या पोत्यावर बसले, बंडीच्या आतल्या खिशातून कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेल्या नोटा काढल्या आणि म्हणाले, "वही काढा दादा." मी म्हणालो, "अण्णा, यंदा राहू द्या. अनुदान तरी येऊ द्या." ते म्हणाले, "अनुदानाचं अनुदानापाशी. तुम्हाला बी वरून तगादा असंलच की. समदे नाहीत, पण एवढे जमा धरा." मी जमा लिहिली. त्यांनी मान वाकवून आकडा दोनदा वाचला, बाकी किती राहिली ते तोंडानं म्हणून पाहिलं आणि चहा न घेता गेले.

त्यांच्या बोलण्यात देव नव्हता, नरक नव्हता, पुण्याचा हिशोब नव्हता. समोरच्यालाही कुणाला तरी पैसे द्यायचे असतील, एवढंच त्यांच्या मनात होतं. ज्याची जमीन वाहून गेली तो माझ्या देण्याचा विचार करत होता. अशा माणसाला "धाकामुळं सरळ राहिलेलं जनावर" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता उलट बाजू. धाकानंच माणूस सुधारत असता तर आमचा जिल्हा सगळ्यांत सुधारलेला असायला हवा होता. परळीला ज्योतिर्लिंग, अंबाजोगाईला योगेश्वरी, शेजारी तुळजापूर, तिकडं माहूरची रेणुका. नवरात्रात अनवाणी चालणारे, घटाला बसणारे, नऊ दिवस पाण्यावर राहणारे घरोघर सापडतील. आणि याच बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या 1000 मुलांमागं फक्त 807 मुली निघाल्या. राज्यात सगळ्यांत कमी. या पोरी कुठं गेल्या हे आपल्याला माहीत आहे. देवीपुढं नाक घासणाऱ्या घरांतूनच गेल्या. देवीची भीती त्या घरांना नव्हती असं कोण म्हणेल? भरपूर होती. नवस चुकला तर कोप होईल, ही भीती होती. पोटातली पोर मारली तर कोप होईल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. पुढं सोनोग्राफी सेंटरांवर धाडी पडल्या, खटले उभे राहिले, डॉक्टर तुरुंगात गेले, तेव्हा कुठं फरक पडायला लागला. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा मात्र 1994 चाच होता.

1978 सालही विसरू नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत दलितांची घरं पेटवली गेली. पेटवणारे नास्तिक नव्हते. त्यातले कितीतरी जण त्याच वर्षी सप्ताहाच्या पंगतीत वाढत असतील. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. देवाची भीती त्या सोळा वर्षांत कुठं होती, हा प्रश्न मी मोठ्या माणसांना विचारलाय. उत्तर मिळत नाही, विषय बदलतो.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तर हे भीतीचं तत्त्वज्ञान मला सगळ्यांत क्रूर वाटलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला आलेले, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. 52 गावं जमीनदोस्त, सुमारे 10 हजार माणसं गेली. आणि महिनाभर ऐकू काय येत होतं? पाप वाढलं होतं, देव कोपला. पाळण्यातल्या लेकरांनी कसलं पाप केलं होतं? माणसं मेली ती माळवदाखाली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, त्यांत दगड एकमेकांत नीट गुंतवलेले नाहीत, आणि वर लाकडावर हात-हात मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. हे समजून घेतलं म्हणून पुढं भूकंपाला टिकतील अशी घरं बांधता आली. पापाचा पंचनामा करत बसलो असतो तर पुन्हा तशीच माळवदं घातली असती.

त्याच किल्लारीत ढिगाऱ्यातल्या दागिन्यांवर हात मारणारेही होते, असं त्या भागातले लोक सांगतात. मी ते नाकारत नाही. पण लष्कर पोचायच्या आधी शेजारच्या गावांतली माणसं टिकाव-फावडी घेऊन धावली होती आणि कुणाच्या घराखाली कोण आहे हे नावानिशी सांगत उकरत होती. भाकरींची गाठोडी कुठून-कुठून आली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलं पुण्याला नेऊन शिकवली. आपण मात्र दागिने ओरबाडणाऱ्याची गोष्ट तीस वर्षं सांगतो आणि उकरणाऱ्याची विसरतो.

हे मी श्रद्धेविरुद्ध लिहितोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. माझी श्रद्धा पैठणच्या नाथांकडून आलेली आहे. काशीची कावड रामेश्वराला घेऊन निघालेले नाथ वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ती रिकामी करतात, ही कथा आपण पाळण्यात ऐकली. पुण्य हवं असतं तर पाणी रामेश्वराला गेलं असतं. शिक्षेची भीती असती तरीही रामेश्वरालाच गेलं असतं, कारण देवाच्या नावानं भरलेली कावड होती ती. नाथ धाकानं वागले नाहीत, लोभानंही नाही. तसंच आपेगावच्या त्या चार भावंडांचं. आई-बापानं देहान्त प्रायश्चित्त घेतलं, समाजानं वाळीत टाकलं, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढं उभं राहावं लागलं. माणसाबद्दल वाईट मत करून घ्यायचा हक्क कुणाला असेल तर त्यांना होता. आणि ज्ञानोबांनी मागितलं काय, तर खळांची व्यंकटी सांडो. खळ मरोत, असं मागितलं नाही. ज्याची वाकडी बुद्धी सरळ होऊ शकते असा माणूस त्यांना दिसत होता. आपल्या कीर्तनात हे पसायदान रोज शेवटी म्हणतात आणि त्याच्या आधी तासभर त्याच्या विरुद्ध सांगतात, याचं मला मनापासून दुःख होतं.

माझे काही मित्र देव न मानणारे आहेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. देव नाही म्हणता म्हणता त्यांतले काही जण "लोक मूर्खच, यांचं काही होणार नाही" इथं येऊन थांबतात. ते आणि आमचे महाराज यांचं माणसाबद्दलचं मत एकच निघतं. दोघांनाही मी नांदेडचं पीपल्स कॉलेज आठवा म्हणतो. ते उभं केलं स्वामी रामानंद तीर्थांनी, भगवी छाटी घातलेल्या संन्याशानं, ज्यांनी निजामाविरुद्ध हैदराबादचा लढा चालवला. आणि त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले नरहर कुरुंदकर, जे स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत. एकाला मोक्षाची ओढ, दुसऱ्याला मोक्षच मान्य नाही. दोघांनीही मराठवाड्यातली पोरं शिकतील, विचार करतील, यावर अख्खं आयुष्य लावलं. माणूस मुळातच सडका आहे असं वाटत असतं तर शाळा-कॉलेजं काढायच्या भानगडीत कोण पडलं असतं?

"कलियुग आहे" म्हटलं की तलाठ्यानं पैसे मागितले तरी चालतं, मुकादमानं ऊसतोड्याचा हिशोब गिळला तरी चालतं, पोरीचं बारावीआधी लग्न लावलं तरी चालतं. सगळेच असे, एकटा मी काय करू. या वाक्यामागं कितीजण लपलेत बघा, त्यात मंदिराला देणगी देणारेही आहेत.

देवानं मला काय दिलं ते मला माहीत आहे. वडील गेले तेव्हा आईला हरिपाठानं उभं केलं, मला पंढरीच्या वाटेवर परक्या माणसांनी भाकर दिली. हे सगळं प्रेमातून आलं, त्यात धमकी कुठंच नव्हती.

यंदाच्या सप्ताहाच्या बैठकीत मी एक सूचना मांडणार आहे. सात दिवसांतल्या एका कीर्तनाआधी पंधरा मिनिटं राखून ठेवायची, आणि पुराच्या रात्री आपल्या पंचक्रोशीत कुणी कुणाची जनावरं सोडली, कुणी कुणाला छतावर ओढून घेतलं, कुणी घरातलं धान्य वाटलं, ते त्या-त्या माणसाच्या तोंडून माइकवर ऐकायचं. जात-धर्म, माळ आहे की नाही, काही बघायचं नाही. महाराजांशी मी स्वतः बोलणार आहे. गावातल्या कुणाला अशी नावं माहीत असतील तर मला फोन करा, दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं.