पत्ता टाकला म्हणजे फाईल वाचली, असं होत नाही

जिनिंग, दाल मिल, दूध संकलन केंद्र असल्या ठिकाणी कॉम्प्युटरची कामं करणाऱ्या आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या मंडळींत दिवाळीच्या सुमारास एक मेसेज फिरतो. सांगणं थोडक्यात असं: "लॉग मॉनिटरिंगचा (कॉम्प्युटर आपल्या कामाच्या ज्या नोंदी लिहितो, त्यांवर नजर ठेवण्याचा) बाऊ करू नका. नेट नसेल तिथे ते चालतच नाही. नेट असेल तिथे फाईलचा पत्ता टाकला की काम झालं. अलर्ट नाही म्हणजे सगळं ठीक. आणि जिनिंगच्या काट्यावर चोरण्यासारखं असतं तरी काय?" नेट, पत्ता, अलर्ट आणि चोरी, यातले चारही दावे चुकीचे आहेत. पत्त्याच्या दाव्यावर मीही एकदा विसंबलो होतो आणि त्यापायी एका शेतकऱ्याला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नेटचं आधी उरकतो. लॉगवर नजर ठेवायला आम्ही वापरतो ते सॉफ्टवेअर म्हणजे वाझूह. डॅनियल सिड यांनी सुरू केलेल्या ओसेक या तशाच सॉफ्टवेअरमधून 2015 मध्ये ते वेगळं झालं. ते फुकट आहे आणि त्याचा सोर्स खुला आहे. ज्या मशीनवर लॉग तयार होतो तिथे एजंट हा त्याचा छोटा प्रोग्राम बसतो, तो लॉगमधली ओळ वाचतो आणि मॅनेजरकडे, म्हणजे ओळी गोळा करून तपासणाऱ्या मुख्य प्रोग्रामकडे, 1514 पोर्टवरून पाठवतो. हा मॅनेजर आवारातल्याच दुसऱ्या खोलीत चालतो. मधे एक स्विच आणि केबल एवढं पुरतं. पंचवीसपर्यंत एजंटांसाठी डॅशबोर्डसकट (सगळं दाखवणाऱ्या पडद्यासकट) सगळं एकाच मशीनवर बसवायचं तर 4 कोअर, 8 जीबी रॅम आणि तीन महिन्यांच्या साठवणीला 50 जीबी जागा धरतात. नेट गेलं म्हणून आवारातलं काही थांबत नाही.

आता "पत्ता टाकला की काम झालं". दोन हंगामांपूर्वी एका जिनिंगमध्ये मी एजंट बसवला तो हिशोबाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. काट्यावरच्या मशीनचं फोल्डर तिथे झेड ड्राइव्ह म्हणून दिसत होतं. मी कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये लोकलफाईलचा, म्हणजे कोणती फाईल वाचायची ते सांगणारा, भाग जोडला, झेडचा पत्ता दिला, एजंटची सर्व्हिस पुन्हा सुरू केली. डॅशबोर्डवर एजंट ॲक्टिव्ह दिसला आणि मी गाडीला किक मारून घरी आलो.

एकोणीस दिवस एकही ओळ वाचली गेली नव्हती. विंडोजमध्ये झेडसारखा जोडलेला ड्राइव्ह हा लॉगिन केलेल्या माणसापुरता असतो. एजंट चालतो सर्व्हिस म्हणून, म्हणजे कुणी लॉगिन न करताही मागे चालणारा प्रोग्राम म्हणून, सिस्टीमच्या खात्यावर, आणि त्या खात्याला झेड दिसतच नाही. ॲक्टिव्ह याचा अर्थ एजंट मॅनेजरशी बोलतोय, एवढाच. फाईल उघडली की नाही हे एजंटच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतं. तिथे 'ॲनालायझिंग फाईल' आणि पुढे तुमच्या फाईलचं नाव दिसलं पाहिजे. 'कुड नॉट ओपन फाईल' दिसलं तर काम झालेलं नाही. मी तो लॉग उघडूनच पाहिला नव्हता. उपाय साधा होता, एजंट काट्यावरच्या मशीनवरच बसवायचा. लोकल फाईल म्हणजे त्याच मशीनवरची फाईल, हे नावातच आहे.

तेवढ्यावरही भागत नाही. काट्याची बरीचशी सॉफ्टवेअरं रोज तारखेच्या नावाने नवी फाईल काढतात. आजचं नाव जसंच्या तसं लिहिलं तर उद्यापासून एजंट कालचीच फाईल धरून बसतो. नावातल्या तारखेच्या जागी मोठा वाय, लहान एम, लहान डी, प्रत्येकाआधी टक्क्याचं चिन्ह, असं लिहावं लागतं. शिवाय वीज आल्यावर काट्याचं सॉफ्टवेअर आधी उघडतं आणि एजंट मागून उठतो, असंही होतं. एजंट मुळात सुरू झाल्यानंतरच्याच ओळी घेतो. मधल्या ओळी हव्या असतील तर 'ओन्ली फ्यूचर इव्हेंट्स'ला नो द्यायचं. भारनियमनाच्या गावात ही एक सेटिंग विसरून चालणार नाही.

"अलर्ट नाही म्हणजे सगळं ठीक." मला सगळ्यात घातक वाटतं ते हेच वाक्य. ओळ वाचली जाणं वेगळं आणि ती समजणं वेगळं. आपल्याकडच्या काट्याच्या सॉफ्टवेअरची ओळ वाझूहला ओळखीची नसते. तिच्यासाठी डिकोडर (ओळीतले भाग ओळखणारा) नाही, कशावर अलर्ट द्यायचा हे सांगणारा नियम नाही, म्हणजे अलर्टही नाही. आणि मॅनेजरवर 'लॉगऑल' ही आलेली प्रत्येक ओळ आर्काइव्हमध्ये साठवणारी सेटिंग सुरू नसेल तर ती ओळ साठवलीही जात नाही, आली तशी गेली. म्हणून मी आता आधी लॉगऑल सुरू करतो. मग काट्याच्या लॉगमधली एक खरी ओळ उचलून मॅनेजरवरच्या लॉगटेस्ट या तपासणीच्या साधनात टाकतो. तिथे तीन टप्पे दिसतात. दुसऱ्यात डिकोडरचं नाव आलं नाही तर तो स्वतः लिहायचा, आणि तिसऱ्यासाठी 1,00,000 च्या पुढचा क्रमांक देऊन आपला नियम लिहायचा.

माझा पहिला नियम एकाच शब्दावर आहे, 'मॅन्युअल'. खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचं वजन काट्यावरून न येता हाताने टाकलं की सॉफ्टवेअर ओळीत तो शब्द लिहितं.

चोरण्यासारखं काय असतं, याचं उत्तर त्याच शब्दात आहे. भरलेली मेटॅडोर 4,860 किलो, खाली 2,310, म्हणजे कापूस 2,550 किलो. खाली गाडी 2,370 लिहिली की साठ किलो गेले. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला होता. साठ किलोचे 4,866 रुपये झाले, एका खेपेत. शिवाय कायद्याचंही बघा. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलं आहे, त्यात बॉडी कॉर्पोरेट, म्हणजे कंपन्यांसारख्या संस्थाही येतात. लघुउद्योगांना तेव्हा 25 सप्टेंबर 2022 पर्यंत मुदत वाढवून दिली होती, सूट दिली नव्हती.

त्या जिनिंगमध्ये एक भाऊ पावती घेऊन आले होते. पावतीवर खाली वजन पेनाने गिरवलेलं होतं. "माही गाडी येवढी भरतच नाही खाली," ते म्हणत होते. काट्याचं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांनी जुन्या फाईली पुसत होतं, आणि ज्या मॅनेजरवर त्यांची ओळ असायला हवी होती तिथे मी उघडलेलं आर्काइव्ह रिकामं होतं. वजन हाताने टाकलं होतं की काट्याने दिलं होतं, हे त्यांना कुणीच सांगू शकलं नाही. पावतीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि बंडीच्या रस्त्याने निघून गेले.

आता कुठेही एजंट बसवला की मी काट्यावरच्या पोराला एक खोटी पावती काढायला लावतो, खाली वजन हाताने टाकून. मॅनेजरच्या पडद्यावर ती ओळ आणि तिचा अलर्ट दिसेपर्यंत मी तिथून हलत नाही.